शेजारीच आहे, मॅडम

खडकावर ऊन चढायच्या आत जागा धरावी लागे. जरा उशीर झाला की सावलीचा कोपरा वर्गातला ओजाकोल बळकावून बसे आणि वर ऐटीत म्हणे, "यावं, यावं कुलगुरू! आपली खुर्ची तिकडे उन्हात मांडली आहे."

त्या सकाळीही तसंच झालं. ओमोदिंगने त्याला ढकलून अर्धी सावली मिळवली, भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी दोघांच्या मध्ये ठेवली आणि फोन दगडाला टेकवून उभा केला.

गावाच्या उशाशी हत्ती बसावा तसा तो काळा खडक. महामारी येईपर्यंत त्याच्यावर बायका रताळ्याच्या चकत्या वाळत घालत, शेळ्या ऊन खात. मग विद्यापीठाला कुलूप लागलं, पोरं ट्रंका डोक्यावर घेऊन घरी आली, आणि साऱ्या शिवारात रेंज मिळते ती फक्त या खडकाच्या माथ्यावर, असा शोध लागला. तेव्हापासून गाव खडकालाच विद्यापीठ म्हणू लागलं.

सुरुवातीला पोरांनी नाकं मुरडली होती. फोनवरून काय शिकायचं, फोनवरून कधी कुणाचं पोट भरलंय? पण माणूस कशालाही सरावतो, आणि ज्याला सावली, शेंगा आणि आयतं ताट मिळतं तो तर फारच लवकर सरावतो. ओमोदिंगला आता हेच बरं वाटे. वसतिगृहातली रांग नाही, घेवड्यात तरंगणारे भुंगे नाहीत. मॅडम बिरुंगींचा आवाज शहरातून निघून थेट कानात येई, आणि कंटाळा आला की बोटाने बारीकही करता येई.

"ओमोदिंग?" मॅडमनी हजेरी सुरू केली.

"हजर, मॅडम."

"अगुती?"

"शेजारीच आहे, मॅडम. आमच्यात एकच फोन आहे."

जेवताना मीठ मागावं तितक्या सहज तो हे म्हणे.

अगुती त्याची धाकटी बहीण. मागे एका वर्षी ओमोदिंग नापास झाला आणि तिने त्याला गाठलं. तेव्हापासून दोघं एकाच वर्गात, शिक्षक होण्याच्या एकाच अभ्यासाला. पण ती शेजारी नव्हती. ती खडकाच्या पायथ्याशी नाचणीच्या शेतात वाकून तण काढत होती, आणि बायकांच्या ओळीतून तिचा आवाज पाखरासारखा वर येत होता:

दारी बांधली गं गाय, दूध जाईल भावाला,
माझी वाट गं निघाली, दूरदेशीच्या गावाला.

"कोण गातंय रे?" मॅडम मध्येच थांबल्या. "काय गोड गळा आहे!"

"शेतातल्या बायका आहेत, मॅडम," ओमोदिंग म्हणाला आणि शेंग फोडली. ओजाकोल तोंडात सदरा कोंबून हसू दाबत राहिला.

खरं तर फोन अगुतीचाच. स्वतःच्या वाफ्यातल्या शेंगा दोन हंगाम विकून तिने तो सोरोतीच्या बाजारातून आणला होता. पहिले काही आठवडे भाऊ-बहीण दोघंही खडकावर बसत, एकाच इयरफोनचं एक टोक याच्या कानात, एक तिच्या. मग एका संध्याकाळी मॅडमनी काही गंमत सांगितली आणि अगुती मोकळेपणाने हसली. नेमका तेव्हाच त्यांचा बाप एलुंगात खालच्या वाटेने सायकल ढकलत चालला होता.

"कुणाशी हसत होतीस?" घरी आल्यावर त्याने विचारलं.

"मॅडमशी, पापा. वर्ग चालू होता."

"वर्गात हसतात? आम्ही शाळेत होतो तेव्हा वर्गात रडत होतो."

एलुंगात वाईट माणूस नव्हता. रविवारी चर्चमध्ये तो पवित्र शास्त्र वाचून दाखवी, आणि मुलीला विद्यापीठात घातलं तेव्हा त्याने गावभर साखर वाटली होती. पण दुसऱ्या दिवशी बोअरवेलवर कुणीतरी म्हणालं, "फोन घेऊन खडकावर चढलेली मुलगी एकटी खाली उतरत नसते." हे शब्द घरापर्यंत आले आणि बापाच्या कानात काट्यासारखे रुतले.

"फोन ओमोदिंगकडे राहील," त्याने सांगून टाकलं. "तो ऐकेल आणि संध्याकाळी तुला सांगेल. एका आईचं दूध प्यालात, एका फोनचं काय घेऊन बसलात?"

"शेतात तेवढेच दोन हात वाढतील," तोतो म्हणाली. मुलं आईला तोतो म्हणत. मुलीच्या पाठीवरून तिने मायेने हात फिरवला आणि त्याच हाताने कोपऱ्यातलं खुरपं पुढे केलं.

सुरुवातीला ओमोदिंग खरंच सांगे. अगुती चुलीपाशी दगडावर नाचणी वाटत असे, तो दारात बसून दिवसभराचं बोले. वाटता वाटता तिचे हात थांबत आणि ती विचारी. एकदा म्हणाली, "मॅडमना विचार, मधेच गुरं राखायला गेलेलं पोर महिन्याने वर्गात परत आलं, तर त्याच्यासाठी धडा कुठून सुरू करायचा? सगळे पोचलेत तिथून, की तो उठून गेला तिथून?"

ओमोदिंगने दुसऱ्या दिवशी विचारलं. "मॅडम, अगुती म्हणतेय..." मॅडमनी तो प्रश्न पुन्हा एकदा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, "तिला सांग, मला विचार करावा लागेल."

पण संध्याकाळ ही तरुण माणसाला फार मोहाची वेळ. ओजाकोल हाका मारी, मैदानावर चेंडू उडत असे. हळूहळू त्याचं सांगणं आखडत गेलं.

"आज काय शिकवलं?" अगुती विचारी.

"विशेष काही नव्हतं."

दुसऱ्या दिवशीही विशेष काही नसे. तिसऱ्या दिवशी नाचणी वाटायचा आवाज थांबला नाही. पुढे तिने विचारायचंच सोडलं, आणि ओमोदिंगला हायसं वाटलं. चला, एक काम कमी झालं! आयुष्यभर ज्याची लाज वाटावी असा तो सुटकेचा निःश्वास होता. पण त्या दिवशी तो किती हलका वाटला होता.

एलुंगात लहान असताना एका पहाटे लुटारू आले आणि कुंपणातली सगळी गुरं हाकून घेऊन गेले. त्या काळात साऱ्या तेसो मुलखाची गुरं अशीच गेली. त्याच्या बापाने रिकाम्या कुंपणाचा खांब धरला तो अंथरूण धरेपर्यंत सोडला नाही. म्हणून एलुंगातला कुठल्याही दारात गाय बांधलेली दिसली की आपला बाप उभा दिसे.

आणि रीत अशी, की बहिणीला मागणी घालणाऱ्यांनी गुरं आणायची आणि त्याच गुरांवर भावाने बायको आणायची. ओमोदिंगचं मन अचोम नावाच्या मुलीवर बसलं होतं. तिचा बाप स्पष्ट बोलणारा होता. "रिकाम्या हाताने येणाऱ्याला आम्ही पाणी देतो," तो म्हणाला होता, "मुलगी नाही."

अशात एचोदूचं मागणं आलं. एचोदू दोन ट्रकांचा मालक, चाळिशीचा, बायको वारलेली. त्याला शिकलेली बायको हवी होती.

"अगुतीचं नाव तिकडे चालू आहे ना?" एलुंगातने मुलाला बाजूला घेऊन विचारलं.

"आहे, पापा."

"मग चालू राहू दे. विद्यापीठात नाव आहे तोवर ती विद्यापीठाची मुलगी. नाव कटलं की शेतातली. दोघींच्या गुरांत फरक असतो रे बाळा."

"हो, पापा."

त्या दिवसापासून ओमोदिंग हजेरीला अगुतीसाठी जास्त मोठ्याने ओरडू लागला.

पाहुण्यांचा दिवस बुधवार ठरला. आणि नेमकं त्याच आठवड्यात मॅडमनी जाहीर केलं, बुधवारी तोंडी परीक्षा. प्रत्येकाने आपल्या तोंडाने बोलायचं, बाकीच्यांनी शेवटपर्यंत ऐकत बसायचं. जो बोलणार नाही त्याचं वर्ष गेलं.

"तू तुझी परीक्षा दे आणि लगेच खाली ये," एलुंगात म्हणाला. "ती आजारी आहे म्हणून सांग. मलेरिया कुणाला होत नाही?"

ओमोदिंगने मान हलवली. अगुतीला काहीच सांगितलं नाही. पण ओजाकोलच्या पोटात काही राहत नसे. बोअरवेलच्या वाटेवर अगुती भेटली तेव्हा तो म्हणाला, "बुधवारी परीक्षेला गळा घेऊन ये हं. मॅडमना तुझा गळा फार आवडतो."

अगुतीने डोक्यावरचा पाण्याचा कॅन खाली ठेवला. परत उचलला तेव्हा तो दुप्पट जड झाला होता.

स्वयंपाकाच्या खोपटात ती नाचणीची उकड घोटत होती. ओमोदिंग निखारा न्यायला आत आला.

"बुधवारी काय आहे?" तिने मान वर न करता विचारलं.

"पाहुणे."

"आणखी?"

तो निखारे उकरत राहिला.

"ओमोदिंग, मी विचारतेय."

"तोंडी परीक्षा आहे. पण पापा म्हणाले..."

"पापा काय म्हणाले ते मला कळलं. तू काय म्हणालास?"

ओमोदिंगने निखारा उचलला, पुन्हा चुलीत ठेवला.

"इतके महिने हजेरीला माझं काय होतं?"

"तू हजर आहेस," तो घाईने म्हणाला. "एकही दिवस चुकलेला नाही."

अगुती हसली, पण ते हसू नव्हतंच. "वा! म्हणजे माझ्यापेक्षा माझं नावच जास्त शिकलं."

"मी तुझं वर्ष वाचवलं, अगुती."

"माझं वर्ष वाचवलंस की माझ्यावरची गुरं?"

दारात शेंगा सोलत बसलेली तोतो दबक्या आवाजात म्हणाली, "भावाला असं बोलू नये गं. उद्या सासरी काही बिनसलं तर त्याच्याच दारात येऊन उभं राहायचंय तुला."

"मग आत्ताच येऊन उभी आहे, तोतो," अगुती म्हणाली. मग भावाकडे वळली. तिचा आवाज अगदी खाली आला. "माझी पाळी येईल तेवढ्यापुरता फोन दे. माझाच आहे तो. मला काही येत नसलं तरी दे."

"देईन," ओमोदिंग म्हणाला. म्हणतानाच त्याला ठाऊक होतं की आपण देणार नाही.

बुधवारी अंगण झाडून लख्ख केलं होतं. चिंचेखाली बाकं मांडली. एरवी असल्या बैठकीत नाचणीच्या दारूचं एकच मोठं मडकं मध्ये असतं आणि सगळे म्हातारे आपापली लांब नळी त्यात सोडून बसतात. आता महामारीमुळे प्रत्येकापुढे वेगळं गाडगं होतं. "भांडण झाल्यासारखं वाटतंय," असं एचोदूचा चुलता ओरियोकोत कुरकुरला. वडीलधारा म्हणून सगळे त्याला मझे म्हणत. मास्क हनुवटीवर ओढून त्याने नळी तोंडात धरली.

ओमोदिंग तोवर खडकावर होता. त्याची परीक्षा झकास झाली. मूल कसं शिकतं, घर त्याला कसं घडवतं, यावर तो घडाघडा बोलला. त्यातली निम्मी वाक्यं चुलीपाशी अगुतीने म्हटलेली होती, हे बोलताना त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता फोन अगुतीकडे दे."

वाक्य तयारच होतं. "तिला मलेरिया झालाय, मॅडम. ताप उतरत नाही."

"अरेरे." मॅडम थांबल्या. "मी तिची वाट पाहत होते रे. तो गुरं राखायला गेलेल्या पोराचा प्रश्न होता ना तिचा, तो मी दुसऱ्या वर्गांनाही घातला. कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. मग तिने विचारणंच सोडलं. मला वाटलं, माझं शिकवणं तिला आवडेनासं झालं. माझ्या मनाला लागून राहिलं होतं ते." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "आज शेवटचा दिवस आहे. सगळ्यांचं होईपर्यंत मी थांबते. तापात दोन शब्द बोलली तरी मला चालेल."

ओमोदिंगने फोनचा आवाज बंद केला. चूक त्याची आणि इतके दिवस स्वतःला बोल लावत होती ती दूर शहरातली बाई!

"मलेरिया?" शेजारून ओजाकोल म्हणाला. त्याने हनुवटीने खाली दाखवलं. "तो बघ तुझा मलेरिया. गुडघ्यांवर बसून पाहुण्यांच्या हातावर पाणी घालतोय."

खाली अंगणात अगुती एकेका म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकत होती. वरून ती फार लहान दिसत होती. ओमोदिंग उठला. पाय त्याला खाली नेत होते, पण खाली जाऊन काय करायचं हे अजून त्याला ठाऊक नव्हतं.

"आणि शिक्षणाचं मनात काही आणू नका," एचोदू सांगत होता तेव्हा तो अंगणात पोचला. एचोदू स्वच्छ इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि तसा सभ्यपणे बोलत होता. "लग्नानंतरही शिकू दे की. आता सगळं फोनवरच होतं. घराबाहेर पाऊल टाकायला नको. उकड घोटता घोटता शिकेल."

"तेच तर म्हणतोय!" एलुंगात खुलून म्हणाला. "इथेही ती तशीच शिकली. सगळं घर सांभाळून. एक दिवस चुकला नाही तिचा. विचारा, विचारा तिच्या भावाला."

सगळ्या नळ्या तोंडातून निघाल्या, सगळे चेहरे ओमोदिंगकडे वळले. अगुतीही बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिथे कसलीच अपेक्षा नव्हती.

त्याच्या गप्प बसण्यालाही लोकांनी होकारच मानलं.

मझे ओरियोकोत खाकरला. आता रीतीचा प्रश्न विचारायचा होता. गुरं खाणं म्हणजे मागणी पत्करणं. मुलगी गुडघ्यांवर, डोळे जमिनीला. तिला विचारायचं, आणि ती लाजून गप्प राहिली की ठरलं.

"मुली, ही गुरं तुझ्या घरच्यांनी खावीत का?"

अगुती गप्प.

"मुली, ही गुरं तुझ्या बापाने खावीत का?"

मागून तोतोने तिचा खांदा हळूच दाबला. अगुतीचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. एवढ्या माणसांत मुलीच्या शब्दाला जागाच ठेवलेली नव्हती, तर तो येणार कुठून?

"गप्प आहे," ओरियोकोत हसत म्हणाला, "म्हणजे..."

"म्हणजे ती गप्प आहे!"

आवाज फाटला तेव्हा ओमोदिंगला कळलं की तो आपलाच आहे. "मझे, ती गप्प आहे म्हणजे तेवढंच. दुसरं काही नाही. ती शिकलेली नाही. पहिले काही आठवडे सोडले तर एक दिवसही नाही. फोन मी घेतला तिचा. ती शेतात होती आणि मी रोज म्हणत होतो, माझ्या शेजारी आहे. आत्ताही म्हणून आलो, तिला मलेरिया आहे." त्याला धाप लागली. "या गुरांवर माझं लग्न व्हायचं आहे. मला नको ते लग्न. मला नकोत ही गुरं."

मग ओरियोकोतने नळी पुन्हा तोंडात धरायच्या आधी म्हटलं, "एलुंगात, तुझ्या घरात नवरी नक्की कोण आहे? हा का? फार लाजतोय, फार रडतोय."

म्हातारे हसले. एचोदू हसला नाही. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

अगुती उभी राहिली. गुडघ्यांची माती तिने झटकली नाही. "पापा," ती म्हणाली, "ही गुरं खाऊ नका." एवढंच, आणि तेही इतक्या हळू, की पलीकडच्या बाकावर बसलेल्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाली? मग तिने भावापुढे हात केला. "फोन."

त्याने दिला.

ती कुंपणाबाहेर पडली तेव्हा एलुंगात ओरडला नाही, हात उगारला नाही. बाकावर बसल्या बसल्याच एखाद्या पोरासारखा म्हणाला, "माझ्या बापाची गुरं परत येत होती रे..."

ओमोदिंग ते वाक्य पाठीवर घेऊनच खडक चढला.

अगुती माथ्यावर बसली. श्वास लागला होता. पडद्यावर वर्गाची नावं चौकटी-चौकटींनी मांडलेली होती.

"मॅडम, मी अगुती."

"अगुती! बरी आहेस का? आवाज थकलेला वाटतोय. एकच सोपा प्रश्न विचारते."

"विचारू नका, मॅडम." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "मला मलेरिया झालेला नाही. आणि मला उत्तरही येणार नाही. पहिल्या काही आठवड्यांनंतर मी वर्गात नव्हतेच. हजेरीत माझं नाव आहे ते खोटं आहे. मी खाली शेतात होते. तुमचा आवाज मला वरून ऐकू यायचा, पण शब्द कळत नसत."

मग मॅडमनी अगदी सावकाश विचारलं, "या वर्गात आणखी कितीजणी अशा शेजारी आहेत? मी रागावणार नाही. ज्याने आपल्या बहिणीची हजेरी लावली असेल त्याने सांगावं."

कुणी सांगितलं नाही. पडद्यावरची एक चौकट विझली. मग दुसरी. मग खालच्या ओळीतल्या दोन एकदम. वाऱ्याने दिवे जावेत तशी मुलांची नावं एकामागून एक जाऊ लागली. शेजारी बसलेल्या ओजाकोलने आपल्या फोनकडे पाहिलं, अंगठा टेकवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

ओमोदिंगलाही पळून जावंसं वाटलं. पण फोन बहिणीच्या हातात होता.

"मॅडम, मी रोज खोटं सांगितलं," तो वाकून म्हणाला. "मीच."

"मग तुझं वर्ष गेलं, ओमोदिंग. आणि अगुती, तुझं नावही मला या वर्षातून काढावं लागेल. माझ्या हातात दुसरं काही नाही."

"काढा, मॅडम," अगुती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज पहिल्यापेक्षा मोकळा होता. "मग पुढच्या वेळी सुरू कराल तेव्हा मी असेन."

"तू विचारलं होतंस, धडा कुठून सुरू करायचा." मॅडमनी वही मिटल्याचा आवाज आला. "उद्या सकाळी फोन लाव. तू उठून गेलीस तिथून."

विद्यापीठ पुन्हा उघडलं त्याला बरेच महिने लागले. तोवर अचोमचं लग्न दुसरीकडे झालं. एलुंगात मुलाशी बोलेनासा झाला. जेवताना मीठही तो बायकोमार्फत मागे. अगुतीला मात्र त्याने जायला अडवलं नाही. ती निघाली त्या दिवशी तो पहाटेच सायकल घेऊन कुठेतरी निघून गेला होता.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या सभागृहात सभा झाली. शहरातून आलेले एक अधिकारी बोलत होते. संकटाच्या काळात विद्यार्थ्यांनी हे नवं शिक्षण किती मनापासून स्वीकारलं, हजेरी वर्गातल्या हजेरीपेक्षाही कशी चांगली होती, साऱ्या देशाने याचा अभिमान कसा बाळगावा. टाळ्या झाल्या. मुलं वाजवत होती. मुलींच्या बाजूला इतके बाक रिकामे होते की तिकडून टाळ्या आल्याच नाहीत म्हटलं तरी चाललं असतं. पुढच्या रांगेत अगुती हात मांडीवर ठेवून बसली होती.

ओमोदिंग उभा राहिला.

"हजेरी खोटी आहे, सर."

कुणी फिदीफिदी हसलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "कुणाच्या वतीने बोलतोस तू?"

"कुणाच्याच नाही, सर. दुसऱ्याच्या वतीने बोलायचं मी सोडलं. माझंच सांगतो. माझ्या तोंडाने माझी बहीण रोज वर्गात होती आणि ती रोज शेतात होती. फोनवरचं शिकणं स्वीकारलं ते मी. मला सोयीचं होतं. तिला कुणी विचारलंच नाही." तो मुलांच्या बाकांकडे वळला. पुढचं बोलायला त्याला जास्त धीर लागला. "इथे ज्या मुली दिसत नाहीत त्या कुठे आहेत, हे आपल्याला माहीत आहे. काही सासरी गेल्या. काही अजून घरीच आहेत, त्यांच्या दारी जाता येईल. मी शनिवारी निघणार आहे. बापापुढे, भावापुढे उभं राहायची मला लाज वाटते. एकट्याने तर फारच. कुणी येणार असेल तर या."

अधिकारी काही म्हणाले, पण ऐकलं कुणीच नाही. मुलं खाली बघत होती. कुणी नखं, कुणी चपला.

शेवटून दुसऱ्या रांगेत एक बाक करकरला. ओजाकोल उठला होता. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी टोमणा मारणार. दोघांनी हसायला तोंडही उघडलं.

"आमच्या घरापासून सुरू कर," तो म्हणाला. "माझी बहीण दुसऱ्या वर्षाला होती. तीही रोज माझ्या शेजारीच होती."